बर्फाखालून गेलेले देवमासे

अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला उटकियाग्विक नावाचं गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. पुढे फक्त समुद्र, आणि वर्षातले बरेच महिने तोही गोठलेला. एप्रिलमध्ये, आपल्याकडे उन्हाच्या झळा लागत असतात तेव्हा, या गावातून काही माणसं समुद्रावरच्या बर्फावर उतरतात. वाऱ्याने आणि प्रवाहाने बर्फाचे तक्ते एकमेकांवर चढून जागोजागी उंचवटे झालेले असतात. त्यांतला एखादा भक्कम उंचवटा हेरून ती तिथे ठाण मांडतात. समोर बर्फात पडलेली मोकळ्या पाण्याची लांबच लांब फट. सोबत दुर्बिणी, कोन मोजायचं यंत्र, वह्या आणि पांढऱ्या अस्वलांवर नजर ठेवणारा बंदूकधारी राखणदार. मग पाळ्या लावून त्यांचं एकच काम चालतं, त्या फटीतून जाणारे देवमासे मोजायचं. मे महिन्याच्या दहा-अकरा तारखेनंतर तिथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे मोजणीलाही रात्र नसते.

समोरून गेलेला देवमासा मोजता येतो. समोरून न गेलेला कसा मोजायचा? या प्रश्नाने १९७७ साली एका अख्ख्या समाजाचं अन्न पणाला लागलं. त्याचं उत्तर शोधताना निसर्गविज्ञानातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी एक गोष्ट घडली.

आधी त्या प्राण्याविषयी. बोहेड व्हेल हा उत्तर ध्रुवाकडच्या थंड पाण्यातच जन्म काढणारा देवमासा. लांबी अठरा मीटरपर्यंत, वजन सत्तर-ऐंशी टनांच्याही पुढे, आणि शरीराचा जवळजवळ तिसरा हिस्सा म्हणजे नुसतं डोकं. कातडीखालचा चरबीचा थर जाड असतो, तो काही ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आसपास जातो. तोंडात दात नाहीत. त्याऐवजी टाळूपासून लोंबणाऱ्या लवचीक पट्ट्यांची चाळणी आहे, आणि तिची एकेक पट्टी चार मीटरपर्यंत लांब असते. एवढा अजस्र देह, पण खाणं काय, तर पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी जीव. हिवाळा बेरिंग समुद्रात काढून वसंतात हे देवमासे बर्फातल्या फटींच्या वाटेने उत्तरेला निघतात, उटकियाग्विकच्या टोकाला वळसा घालतात आणि पूर्वेला कॅनडाच्या बाजूला जातात. इन्युपियाट लोकांची गावं याच वाटेवर वसलेली आहेत. शतकानुशतकं ही माणसं कातड्याच्या होड्यांतून, म्हणजे उमियाकमधून, देवमाशाची शिकार करत आली आहेत.

१८४८ मध्ये थॉमस रॉइस नावाच्या अमेरिकी कप्तानाने आपलं ‘सुपीरियर’ जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे नेलं आणि त्याला हे संथ, चरबीने भरलेले देवमासे सापडले. पुढची साठ-पासष्ट वर्षं नुसती कत्तल चालली. चरबीचं तेल दिव्यांसाठी, तोंडातल्या पट्ट्या बायकांच्या कंबरपट्ट्यांसाठी आणि चाबकांसाठी. व्यापारी जहाजांनी सुमारे अठरा हजार देवमासे मारले, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. खनिज तेल आणि पोलादी स्प्रिंग आल्यावर धंदा बसला आणि जहाजं निघून गेली. मागे उरलेले थोडे देवमासे आणि त्यांच्यावर जगणारी गावं तेवढी तिथे राहिली.

म्हणून १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांना जी काळजी वाटत होती ती पोकळ नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. तेलविहिरींमुळे गावांत रोख मजुरी आली होती, होडी आणि सरंजाम परवडू लागल्याने नवे शिकारी चमू तयार झाले होते, आणि हत्यार लागूनही हातातून निसटणाऱ्या देवमाशांची संख्या वाढली होती. त्यात मोजणीने सांगितलं की या भागात उरलेले बोहेड सहाशे ते दोन हजारांच्या दरम्यान असावेत. एवढ्याशा संख्येतून दरवर्षी काही डझन मारले गेले तर वंश टिकणार कसा? जून १९७७ मध्ये कॅनबेरा इथल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने इन्युपियाटांना पोटापुरत्या शिकारीसाठी असलेली सवलत काढून घेतली. कोटा शून्य.

गावांवर काय कोसळलं असेल याची कल्पना करून पाहा. तिथे देवमासा म्हणजे नुसतं मांस नव्हे. शिकारीचा प्रमुख, उमियालिक, हा गावात मानाचा माणूस. मिळालेल्या देवमाशाचे वाटे ठरलेले असतात. मदतीला आलेल्या प्रत्येक होडीला वाटा मिळतो, म्हाताऱ्यांच्या घरी पोचतो, जूनमधल्या नालुकाताक उत्सवात सगळ्या गावाला मिळतो, नाताळात चर्चमध्येही वाटप होतं. कोट्यातलं ते शून्य या सगळ्यावर पडलं होतं.

दोन महिन्यांत गावं एकत्र आली आणि त्यांनी स्वतःचा अलास्का एस्किमो व्हेलिंग आयोग स्थापन केला. डिसेंबरात टोकियोत आंतरराष्ट्रीय आयोगाची खास बैठक झाली आणि पुढच्या वर्षासाठी तडजोड निघाली. सर्व गावांत मिळून बारा देवमासे हाती लागले, किंवा अठरांवर घाव बसला, यातलं जे आधी होईल तिथे शिकार थांबवायची.

शिकाऱ्यांचं म्हणणं मात्र कोट्यापुरतं नव्हतं. ते मोजणीबद्दल बोलत होते. हॅरी ब्राउअर थोरले हे उटकियाग्विकचे नामांकित कप्तान. त्यांचे वडील चार्ल्स ब्राउअर एकोणिसाव्या शतकात व्यापारी शिकारीसाठीच त्या गावात आले आणि तिथलेच होऊन गेले. हॅरी आईच्या लोकांच्या परंपरेत वाढले. टॉम अल्बर्ट नावाचे पशुवैद्यक संशोधक तिथे पोचले, तेव्हा ब्राउअर यांनी त्यांना आपल्याला ठाऊक असलेलं सांगायला सुरुवात केली. किनाऱ्याजवळच्या फटीतून जाणारे देवमासे हा मोठ्या जथ्याचा फक्त एक पदर आहे. बाकीचे दूर समुद्रात, नजरेच्या टप्प्यापलीकडून जातात. फट मिटली म्हणून त्यांचा प्रवास थांबत नाही, ते बर्फाखालूनही जातात. श्वास घ्यायची वेळ आली की बर्फ फोडतात.

बर्फाखालून! फट मिटली की वाट बंद, देवमासे थांबले, हे मोजणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. श्वासासाठी हवा लागणारा प्राणी सलग बर्फाखाली कसा शिरेल? हा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. त्याला फक्त त्या प्राण्याची ओळख नव्हती.

अल्बर्ट यांनी यानंतर जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ब्राउअर यांचं बोलणं त्यांनी जुनी दंतकथा म्हणून बाजूला सारलं नाही, आणि पवित्र मानून डोळे झाकून स्वीकारलंही नाही. त्यांनी त्या म्हणण्याची तपासता येतील अशी विधानं केली आणि तपासणीचा कार्यक्रम आखला. पैसा नॉर्थ स्लोप बरो या तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेने दिला. तेलाच्या कंपन्यांकडून मिळणारा कर तिच्याकडे येत होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोजणीच या संस्थेने हाती घेतली. म्हणजे ज्यांच्या ताटाबद्दल निर्णय होणार होता, तेच आता संशोधनाचे आश्रयदाते होते. यात धोका होता, पण आकडे आंतरराष्ट्रीय आयोगाच्या शास्त्रीय समितीपुढे ठेवावे लागत. तिथल्या संशयी नजरांतून पार पडल्याशिवाय काहीच मान्य होणार नव्हतं.

डोळ्यांनी दिसत नाहीत तर कानांनी ऐकू या, असं ठरलं. कॉर्नेल विद्यापीठाचे ख्रिस्तोफर क्लार्क पाण्यात ऐकणारे मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन, घेऊन आले. बर्फाच्या कडेने अंतराअंतरावर ते पाण्यात सोडले. देवमाशाची हाक प्रत्येक हायड्रोफोनला किंचित वेगळ्या क्षणी पोचते, आणि त्या क्षणांच्या फरकावरून हाक कुठून आली ते नकाशावर मांडता येतं. हा हिशेब कागदावर सोपा आहे. गोठवणाऱ्या थंडीत, कधी तुटेल याचा नेम नसलेल्या बर्फावर, आठवडेच्या आठवडे तो चालवणं हे दिव्य होतं. कुठला बर्फ धरेल, वारा कुठून फिरला की सामान गुंडाळून पळायचं, हेही शिकारीच सांगत.

हायड्रोफोनमधून जे ऐकू आलं त्याने चित्र पालटलं. फट बर्फाने मिटलेली, उंचवट्यावरच्या माणसांच्या वहीत काहीच नाही, आणि खालून मात्र हाकांवर हाका. देवमासे जात होते. काही तर नजर पोचते त्याच्या कितीतरी पुढून जात होते. संशोधक जॉन क्रेग जॉर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर ते बर्फ कसे फोडतात हेही पाहून लिहून ठेवलं. देवमासा नाकपुड्यांजवळचा डोक्याचा उंच भाग वर रेटतो, जवळजवळ वीतभर जाडीचा बर्फ घुमटासारखा फुगतो, त्याला तडा जातो, आणि त्या तड्यातून श्वास घेऊन देवमासा पुढे निघतो. काही अभ्यासकांचा तर असा तर्क आहे की बर्फाखालून जाताना हाकांचा प्रतिध्वनी ऐकून पुढचा बर्फ खोल आहे की पातळ याचा अंदाज ते घेत असावेत. अंधाऱ्या पाण्यात, छताखालून, आवाजाने वाट काढत शेकडो किलोमीटर जाणारा हा जथा डोळ्यांपुढे आणला की मी दरवेळी थक्क होतो.

नव्या पद्धतीत दोन उंचवट्यांवर दोन स्वतंत्र गट बसवले. एका गटाला दिसलेले किती देवमासे दुसऱ्याच्या नजरेतून सुटतात हे पाहिलं, म्हणजे दोघांच्याही नजरेतून सुटणाऱ्यांचा अंदाज काढता येतो. त्यात हायड्रोफोनचा हिशेब मिळवला. १९८८ च्या मोजणीवरून आयोगाने सुमारे साडेसात हजारांचा आकडा मान्य केला. २००१ मध्ये तो दहा हजारांच्या पुढे गेला, २०११ मध्ये सोळा हजार आठशेच्या आसपास पोचला.

इथे घाई करून चालणार नाही. सहाशे-दोन हजार कुठे आणि सोळा हजार कुठे, म्हणजे शिकारी पूर्ण बरोबर आणि शास्त्रज्ञ पूर्ण चूक, असं हे नाही. यातला एक भाग मोजणी सुधारल्याचा आहे. सुधारित पद्धत मागे नेऊन १९७८ चा हिशेब पुन्हा मांडला तेव्हा तेव्हाची संख्या साडेचार-पाच हजारांच्या घरात निघाली. उरलेली वाढ खरीखुरी आहे. १९७८ ते २०११ या काळात देवमासे वर्षाला सुमारे ३.७ टक्क्यांनी वाढले, आणि ते गावांची शिकार चालू असताना वाढले. शिकाऱ्यांनीही आपल्या पद्धती बदलल्या होत्या. नवी स्फोटक शस्त्रं, प्रशिक्षण, गावागावांत शिस्त. पूर्वी घाव बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे देवमासे हातचे जायचे, ते प्रमाण पुढे पाव भागाच्या आसपास आलं. एखादी गोष्ट टिकते आहे का, हे मोजताना ती टिकवायला लोक काय करत आहेत हेही मोजावं लागतं. ते माहीत असणारी माणसं गावातच असतात.

शिकाऱ्यांचं ज्ञान नेहमी जास्त कोट्याच्याच बाजूने बोलतं, असंही कुणाला वाटेल. इथे आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली वयाची. वडीलधारे सांगत की हा देवमासा माणसाची दोन आयुष्यं जगतो. विज्ञानाला हे पटण्यासारखं नव्हतं, सस्तन प्राणी एवढे जगत नाहीत अशी समजूत होती. पण देवमासा कापताना त्याच्या चरबीत रुतलेली दगडी भाल्यांची टोकं सापडू लागली, आणि अशी टोकं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच वापरातून गेली होती. मग जॉर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्याच्या भिंगाकडे मोर्चा वळवला. भिंगाचा गाभा जन्माआधीच तयार होतो आणि आयुष्यभर बदलला जात नाही. त्यातलं एक अमिनो आम्ल ठरावीक गतीने आपलं रूप पालटत जातं, तेच घड्याळ. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार देवमासे शंभरीच्या पुढचे होते, आणि १९९५ मध्ये मिळालेल्या एकाचं वय २११ वर्षं निघालं. पस्तीसेक वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात असं संशोधकांनीच म्हटलं आहे. मधला आकडा धरला तर तो देवमासा जन्मला तेव्हा पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर होते आणि नाना फडणवीस कारभार पाहत होते. २००७ मध्ये एका देवमाशाच्या अंगातून १८७९ च्या पेटंटची खूण जुळणारा स्फोटक भाल्याचा तुकडाही निघाला. हे ज्ञान सावधगिरीच्या बाजूचं आहे. एवढं जगणारी मादी पंचविशीच्या सुमारास वयात येते आणि तीन-चार वर्षांनी एक पिल्लू देते. अशा प्राण्याची चूक करून जास्त शिकार झाली तर ती भरून यायला माणसाच्या पिढ्या जातात.

दुसरी वासाची. शिकारीच्या तळावर चुलीच्या धुराबाबत शिकारी फार जपून असतात, देवमाशाला वास येतो असं ते मानतात. जीवशास्त्राच्या पुस्तकांत मात्र देवमाशांना जवळजवळ गंधच येत नाही असं लिहिलेलं असायचं. जॉर्ज यांनी शिकाऱ्यांचं ऐकलं होतं, म्हणून त्यांनी शरीररचनातज्ज्ञ हान्स टेविसन यांच्यासह बोहेडचा मेंदू काळजीपूर्वक उघडून पाहिला. गंध ओळखणारा भाग तिथे होता, मेंदूच्या प्रमाणात माणसापेक्षा मोठा, आणि गंध टिपणाऱ्या जनुकांपैकी बरीचशी शाबूत. ज्या तरंगणाऱ्या जिवांवर तो जगतो त्यांचे थवेही तो कदाचित वासाने शोधत असेल. ही शक्यता कुणाला सुचली असती, जर धुराबद्दलची ती तंबी कानावर आली नसती?

शाश्वततेच्या मोजमापात स्थानिकांचं मत घ्यावं, हे आता जगभर प्रत्येक अहवालात लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ असा होतो की निर्देशक राजधानीत ठरतात, आकडे गोळा होतात, आणि शेवटी गावात जाऊन एक प्रश्नावली भरून घेतात. लोक समाधानी आहेत का, एक ते पाच गुण द्या. तो रकाना मग अहवालाच्या शेपटाला लागतो. मला हे फार अपुरं वाटतं. उटकियाग्विकमध्ये लोकांचं म्हणणं आकड्यांच्या शेजारी ठेवलं गेलं नाही, ते आकडा काढायच्या रीतीच्या आत शिरलं. आपण जिथे उभे राहून बघतो आहोत तिथून काय दिसत नाही, हे त्यांनी सांगितलं. बाहेरून आलेल्या माणसाला हे कधीच आपोआप कळत नाही, कारण न दिसणाऱ्या गोष्टीचा अभाव जाणवायला ती आधी माहीत असावी लागते.

आणि काय मोजायचं, हाही प्रश्न त्यांनी बदलला. वंश तगायला किती देवमासे उरायला हवेत, एवढंच आयोग विचारत होता. गावांनी दुसरी बाजू मांडली, आम्हाला किती लागतात? त्याचाही हिशेब झाला. १९१० ते १९६९ या काळात कोणत्या गावाला माणशी किती देवमासे मिळत होते, त्यावरून आजच्या लोकसंख्येची गरज काढली गेली. गरज ही मोजण्याजोगी गोष्ट आहे आणि तिचा पुरावा देता येतो, हे आयोगाने मान्य केलं. २०१८ मध्ये ब्राझीलमधल्या फ्लोरियानोपोलिस इथे ठरलेला कोटा सात वर्षांत ३९२ देवमाशांचा होता, अलास्काची अकरा गावं आणि रशियातल्या चुकोटकाचे किनारी लोक मिळून.

आता बर्फच बदलतो आहे. २०१९ मध्ये बर्फावरून झालेल्या मोजणीचा आकडा साडेबारा हजारांच्या आसपास आला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमानातून झालेल्या मोजणीचा सतरा हजारांच्या वर. एकाच वर्षाचे दोन आकडे, मधे साडेचार हजारांचं अंतर. त्या वसंतात देवमासे बर्फाच्या कडेपासून नेहमीपेक्षा दुरून गेले, आणि फट रुंद असल्याने शिकाऱ्यांच्या मोटारबोटी मोजणीच्या जागेजवळून जास्त फिरल्या, अशी कारणं विश्लेषकांनी दिली आहेत. त्याच वर्षीच्या शरदात देवमासे उटकियाग्विकच्या किनाऱ्याजवळ फिरकलेच नाहीत, शिकारी दूरदूर गेले आणि नोव्हेंबर उजाडला तरी हात रिकामे होते. देवमासे संपले नव्हते, ते वाट बदलत होते. उंचवट्यावर बसायला पुरेसा भक्कम बर्फ कुठे आणि किती दिवस मिळेल, विमानं कोणत्या महिन्यात कोणत्या पाण्यावरून न्यायची, पाण्याखाली असलेल्यांसाठी किती वाढ धरायची, हे सगळं नव्याने ठरवावं लागत आहे. त्यासाठी संशोधकांना कप्तानांच्या घरी जाऊन, या वर्षी कुठे कुठे फुंकार दिसले, हे आधी विचारावं लागतं.